लाइट गेली की नेट का जातं? (घरून काम, धायरी आणि एक बुडालेली डेडलाइन)

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११:४८

लाइट संध्याकाळी ६:४० ला गेली होती, ती ११:१० ला आली. डोकं अजून तापलेलं आहे, तरी आत्ताच लिहून काढते. उद्या राग जाईल आणि धागा राहून जाईल.

मी उपशीर्षकं करते, बहुतेक काम जर्मनीतल्या एका एजन्सीचं. राहायला पुण्यात धायरीला, चौथा मजला, भाड्याचं वन बीएचके. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे त्यांची संध्याकाळी सहाची डेडलाइन ती माझी रात्री साडेनऊची. आणि वळीव येतो तो नेमका पाच ते सातच्या मध्ये. आज फाइल तयार होती, शेवटची एक नजर आणि अपलोड एवढंच उरलं होतं. लॅपटॉपची बॅटरी पन्नास मिनिटांत मेली. फोनच्या नेटला दोन दांड्या दिसत होत्या, पण सगळी धायरी त्याच दोन दांड्यांना लटकलेली असावी. शेवटी फोनवरून कसाबसा मेल गेला. उत्तर अगदी सभ्य आलं: काही हरकत नाही, पुढचे दोन भाग आम्ही दुसऱ्या अनुवादकाकडे दिले आहेत.

या 'काही हरकत नाही'चा अर्थ इथल्या फ्रीलान्सरांना समजावून सांगायला नको.

तर प्रश्न असा. बजेट दहा-बारा हजार. घरमालक भिंतीतून वायर ओढू देणार नाहीत, खिळासुद्धा विचारून ठोकावा लागतो. इन्व्हर्टर घ्यावा की आणखी काही? जे स्वतः वापरताय तेच सांगा, जाहिराती मी वाचल्या आहेत.

बाणेरबाबू | बुधवार, सकाळी ८:१५

आमच्या सोसायटीत फुल डीजी (डिझेल जनरेटर) बॅकअप आहे, लाइट गेलेली कळतही नाही. बाकी को-वर्किंगमध्ये एक सीट घेऊन टाका ना, प्रश्न मिटला.

फुल्ली_गोळा | बुधवार, सकाळी ८:३१

बाबू, धायरीहून बाणेरला को-वर्किंगसाठी जायचं तर वाटेत वारज्याच्या पुलावरच डेडलाइन संपेल. आणि तुमच्या डीजीचं डिझेल मेंटेनन्समध्ये किती लागतं, तेही लिहा की एकदा.

न्यूट्रल | बुधवार, सकाळी ९:०५

वीजवितरणात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. उपाय बाकीचे सांगतील. मी लाइट का जाते ते सांगतो, कारण ते कळलं की किती वेळ जाणार याचा अंदाज येतो.

वळवाच्या पावसात दोन गोष्टी होतात. एक सगळ्यांना दिसते: फांदी तारांवर पडते. दुसरी दिसत नाही. खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर दिवसभर तापलेला असतो. त्यावर गार पाण्याचे थेंब पडले की तो तडकतो. तडा केसाएवढा असतो, पण त्यात ओल गेली की करंट खांबातून जमिनीत उतरतो आणि उपकेंद्रात वाहिनी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. मग अंधारात, पावसात, एकेक खांब बॅटरीच्या उजेडात बघत जायचं. तुटलेली फांदी लांबून दिसते, तडा दिसत नाही. म्हणून पाऊस दहा मिनिटांत थांबतो आणि लाइट चार तास येत नाही. लोक विचारतात, 'आता तर पाऊसही नाही!'

लाइट गेली की आधी खिडकीतून बघा.

समोरच्या इमारतीत आहे, आपल्याकडे नाही: इमारतीचा फ्यूज किंवा आपल्या डीपीवरचा बिघाड. माणूस आला की तासाभरात काम होतं.

आपल्याच जिन्यात अर्ध्या घरांत आहे, अर्ध्यांत नाही: एक फेज गेला, म्हणजे इमारतीत येणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एक.

नजर पोचेल तिथपर्यंत अंधार: २२ किंवा ११ केव्हीची, म्हणजे अख्ख्या भागाला वीज देणारी वाहिनी गेली. लॅपटॉपची ब्राइटनेस लगेच कमी करा.

आणि खोदकामात जेसीबीने भूमिगत केबल तोडली असेल तर जेवून घ्या. सध्या पुण्यात कुठे ना कुठे खोदलेलं असतंच.

तक्रार १९१२ वर नोंदवा. ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, तो फोनमध्ये साठवून ठेवा, अंधारात बिल शोधत बसू नका. तक्रार क्रमांक लिहून घ्या. 'शेजारच्यांनी केली असेल' असं म्हणत अख्खी इमारत गप्प बसते, हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे.

दीड_व्होल्ट | बुधवार, सकाळी १०:४०

काकांना दंडवत. आता हिशेब.

अनुस्वार, इन्व्हर्टरचा विचार दोन मिनिटं बाजूला ठेवा. तुम्हाला पंखा चालवायचाय की फाइल पाठवायचीय? दुसरं असेल तर आकडे असे:

लॅपटॉप: चार्जरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी टायपिंग आणि व्हिडिओ बघण्यात सरासरी ३० वॅट धरा.
राउटर: १० वॅट.
एकूण ४० वॅट. साडेचार तासांचे झाले १८० वॅट-अवर.

दुकानदार १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर बॅटरी सुचवेल. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. वाटेतली गळती आणि बॅटरी तळापर्यंत न उतरवण्याचं पथ्य धरून हाताशी हजार-अकराशे. लॅपटॉप, राउटर, एक दिवा आणि ७५ वॅटचा जुना पंखा मिळून १३५ वॅट, म्हणजे सात-आठ तास. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर डोळे मिटून घ्या. पण इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून वीस हजारांच्या आसपास जातील, वर वायरिंग, वर घरमालक.

तुमच्या घरात एक बॅटरी आधीच आहे आणि ती म्हातारी झाली आहे. लॅपटॉपमधली. पन्नास मिनिटं म्हणजे तिचा दम संपला. आधी तीच बदला. नवी ५० वॅट-अवरची असेल. दुसरी खरेदी: ६५ वॅट आउटपुटवाली २०,००० एमएएचची पॉवर बँक, लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तरच. ते २०,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ७४ वॅट-अवर, आणि बाहेर पडतात साधारण ६०. पन्नास आणि साठ एकशे दहा, भागिले तीस: साडेतीन तासांच्या थोडं वर. साडेचार नाही, पण ६:४० ला गेली तर साडेनऊची डेडलाइन गाठता येते.

तिसरी: राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस. तळहाताएवढा डबा असतो, दीड-दोन हजारांत मिळतो, राउटर तीन तास ओढतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं स्टिकर वाचा. १२ व्होल्ट लिहिलंय की ९, आणि किती अँपिअर. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन पिना लागतील.

भिंतीला हात न लावता सगळं दहा हजारांत.

कोथरूडची_माई | बुधवार, दुपारी १२:२०

हिशेब छान आहे, पण इन्व्हर्टरला इतकं टाकून बोलू नका. आमच्याकडे बारा वर्षं आहे. मी शिकवण्या घेते, आता ऑनलाइन. मुलं अंधारात दिसली नाहीत तर पळून जातात.

दोन गोष्टी अनुभवाच्या. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच. ह्यांनी एकदा 'पाणी ते पाणी' म्हणून फिल्टरचं घातलं आणि बॅटरी वर्षभरात बसली. पाणी घालताना जुना कपडा नेसावा, ॲसिडचा थेंब उडाला की साडीला भोक पडतं आणि ते धुतल्यावरच दिसतं. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी, पलंगाखाली नाही.

दुसरी: इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक बटण असतं, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते यूपीएसवर असलं तर बदल इतका झटकन होतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली आलं की तो मेनची लाइट नाकारून बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि लाइट असूनही बॅटरी रिकामी व्हायची. दोन मेकॅनिक येऊन 'बॅटरी गेली, नवी घ्या' सांगून गेले. जावयाने ते बटण फिरवलं.

मांजरीचा_मांजर | बुधवार, दुपारी १:०२

माई, तुमच्या जावयांना आमच्या मांजरी गावाला पाठवा. आमच्याकडे व्होल्टेज १५० ला आलं की ट्यूब लागते की नाही यावर पैजा लागतात.

मी थ्रीडीचं काम करतो. ग्राफिक कार्डासकट डेस्कटॉप रेंडरला चारशे वॅट खातो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस होता, तो म्हणजे निव्वळ मनाचं समाधान: ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. रेंडर चालू असताना लाइट गेली की यूपीएस एकदा किंचाळून स्वतःच मरायचा. आता काम लॅपटॉपवर करतो आणि रात्रीचे रेंडर भाड्याच्या सर्व्हरवर टाकतो. महिन्याला पैसे जातात, पण तिकडची लाइट माझ्या डोक्याला ताप नाही.

अभ्यासू_पोरगा | बुधवार, दुपारी ३:३३

सदाशिव पेठेत अभ्यासिका आहेत, महिन्याचे पैसे को-वर्किंगपेक्षा बरेच कमी, बहुतेकांकडे इन्व्हर्टर असतो. मी दोन महिने एकीत बसून कोडिंग केलं. अडचण एकच, कीबोर्डचा आवाज. एमपीएससीवाले मान वर न करता नुसतं 'च्च' करतात. फोनवर बोलायचा तर प्रश्नच नाही.

उन्हाचा_पैसा | बुधवार, सायंकाळी ६:१०

माझी फजिती सांगतो, दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून. वारज्याला आमचं छोटं घर आहे, छत आपलं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट सोलर बसवलं, ७८,००० अनुदान मिळालं. बिल जवळपास शून्यावर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो की आता लाइट गेली तरी आपल्याला फरक नाही. पहिल्याच गुरुवारी, भर बारा वाजता, डोक्यावर ऊन आणि घरात अंधार. शेजारी गेटवर येऊन हसून गेले.

साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं, आणि ते व्हायलाच हवं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला माझ्या छतावरून शॉक बसेल. लाइट नसताना चालायला बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. हे बसवणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

न्यूट्रल | बुधवार, सायंकाळी ६:४४

उन्हाचा पैसा, त्या वायरमनतर्फे आभार.

गुरुवारचा विषय निघाला म्हणून. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून देखभालीची कामंही परंपरेने गुरुवारी काढली जातात. पालिकेचं पाणीही बरेचदा त्याच दिवशी बंद. गुरुवारी महत्त्वाचं काम ठेवूच नये, हे पुण्यात लग्न करून आलेल्या माणसालाही वर्षभरात कळतं.

आणि नावावरून आठवलं. घरातले काही दिवे अचानक भगभगीत आणि काही मंद झाले, तर कौतुकाने बघत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा. न्यूट्रल (वीज परत जाते ती तार) तुटलेला असतो आणि २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट घरात येऊ शकतात. लॅपटॉपचा चार्जर पहिला जातो.

तास_विकणारी | बुधवार, रात्री ९:२०

यंत्रांबद्दल बोलून झालं, आता क्लायंटबद्दल. अकरा वर्षं फ्रीलान्स लेखापालाचं काम करते आहे.

पहिल्यांदा 'लाइट गेली होती' म्हटलं की क्लायंटला वाईट वाटतं. दुसऱ्यांदा तो 'बरं' म्हणतो. तिसऱ्यांदा आपण आजी वारली म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलासारखे दिसतो. किती आज्या असणार? म्हणून मी आता कारण सांगतच नाही. फक्त माझी स्वतःची डेडलाइन त्यांच्या आधी सहा तास धरते. वळवाचा पाऊस दुपारनंतरचा, म्हणून मे-जूनमध्ये सकाळी सहाला बसते आणि तपासणीसकट सगळं दोनपर्यंत संपवते. अपलोड शेवटी एकदम न करता तुकड्यातुकड्याने. दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची. त्यातलं एक घराच्या कुठल्या खिडकीत नीट चालतं ते आधीच तपासून ठेवलेलं, अंधारात घरभर फोन ओवाळत फिरायचं नाही.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. सहा तास आधीची युक्ती आजपासून. दीड व्होल्ट, तुमची यादी घेऊन अप्पा बळवंत चौकात निघाले होते, मग लक्षात आलं की तिथे पुस्तकं मिळतात. बॅटरीसाठी तपकीर गल्ली. घेऊन येते आणि सांगते.

दीड_व्होल्ट | गुरुवार, सकाळी ७:५२

एक विचारायचं राहिलं. तुमच्या राउटरला बाहेरून कुठली वायर येते? शेवयीसारखी बारीक फायबर की निळी-राखाडी जाडसर लॅन केबल?

(पाहिलंत का? निघालात वाटतं.)

सनावळी | गुरुवार, सकाळी ११:१५

नव्या मंडळींसाठी थोडं अवांतर. २००५ च्या सुमारास राज्यभर भारनियमन होतं, पुण्यातही लाइट वेळापत्रकाने जायची. २००६ मध्ये इथल्या उद्योगांनी आपापली वीजनिर्मिती यंत्रं चालवून शहराचा तुटवडा भरायचा आणि जादा खर्च जास्त वापराच्या ग्राहकांनी उचलायचा, असं ठरलं. त्याला 'पुणे मॉडेल' म्हणत. तेव्हा वीजच कमी होती. आता वीज आहे, तार तुटते. तेव्हा निदान लाइट कधी येणार हे माहीत असायचं, कणीक मळून ठेवता यायची.

कायदेकानू | गुरुवार, दुपारी २:४०

हक्काचंही कुणी बोलावं म्हणून. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे निकष ठरवायचे असतात आणि ते पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. राज्य वीज नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम आहेत, कुठला बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा ते त्यांत लिहिलं आहे. रक्कम बघून हुरळून जाऊ नका, बुडालेल्या कामाचे पैसे त्यात निघणार नाहीत. पण अर्ज गेले की नोंद होते. त्यासाठीच न्यूट्रल काका म्हणतात तो तक्रार क्रमांक हवा.

अनुस्वार | नऊ दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:०५

अहवाल.

लॅपटॉपची नवी बॅटरी, पॉवर बँक, राउटरचा डबा, सगळं मिळून साडेनऊ हजार. काल संध्याकाळी सव्वासहाला लाइट गेली. (काम दोनलाच पाठवून झालं होतं, तास विकणारी यांना साष्टांग.) मी अगदी आनंदाने लॅपटॉप उघडला. राउटरचे दिवे चालू, वायफाय चालू, आणि नेट बंद.

दीड व्होल्ट, तुमचा प्रश्न मी परत आल्यावर वाचला आणि मनावर घेतला नाही. वायर निळी, जाडसर. तिच्यामागोमाग मोबाइलचा टॉर्च घेऊन चार मजले उतरले. ती जाते जिन्याखालच्या मीटरपेटीशेजारी एका पत्र्याच्या खोक्यात. त्यात एक आठ तोंडांचा स्विच, फायबरचा एक छोटा डबा, कोळ्याची जाळी आणि एक मेलेली पाल. सगळं जिन्याच्या दिव्याच्या मीटरवर चालतं. म्हणजे इमारतीची लाइट गेली की तो स्विच मेला, आणि वर माझा राउटर तीन तास कुणाशीच न बोलता जागा.

नेटवाल्या दादांना फोन केला. म्हणाले, "ताई, आमच्या ऑफिसला बॅटरी आहे, तिथनं लाइन चालूच असते. तुमच्या जिन्यात दोनदा बॅटरी लावली, दोनदा चोरीला गेली."

दीड_व्होल्ट | शनिवार, दुपारी ४:३०

हेच भय होतं. थेट घरापर्यंत फायबर असतं तेव्हा वाटेत विजेवर चालणारं काही नसतं, नुसता प्रकाश जातो. नेटवाल्याकडे बॅटरी आणि घरात तुमचा डबा, एवढ्यावर भागतं. लॅन केबलमध्ये वाटेतला प्रत्येक स्विच जेवायला मागतो. भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारता ना, तसं नेटची वायर कुठली तेही बघा.

त्या स्विचचं अडॅप्टर बघा. १२ व्होल्ट एक अँपिअर असेल तर तुमच्यासारखाच आणखी एक डबा तिथे लावा. दोन अडॅप्टर असतील तर दोन पिनांचा.

फुल्ली_गोळा | शनिवार, दुपारी ४:४१

आणि पालीचे अंत्यसंस्कार उरका.

अनुस्वार | पुढचा शुक्रवार, रात्री १०:१२

लावला. दोन पिनांचा, सतराशे रुपये. त्या स्विचवर एकूण सहा घरं आहेत, म्हणून वर्गणी मागायला गेले. १०४ च्या काकूंनी पैसे दिले आणि वर कैऱ्या दिल्या. २०१ म्हणाले आम्ही मोबाइलवरच बघतो. ४०३ ने अर्धा तास थांबवून आधी स्वतःचा राउटर दुरुस्त करून घेतला, मग तीनशे दिले. ३०२ मध्ये टीव्ही चालू होता, पण दार उघडलं नाही. चोरीची भीती होती म्हणून डबा खोक्याच्या आत, पालीच्या जागी बसवला, पण तो उष्णतेने तापायला लागला. मग बाहेर, वर, हात सहज पोचणार नाही असा.

बुधवारी दीड तास लाइट नव्हती. नेट एकदाही गेलं नाही.

न्यूट्रल | शुक्रवार, रात्री १०:३०

छान. सोसायटीला लेखी कळवलंत ना?

अनुस्वार | शुक्रवार, रात्री १०:५८

नाही. आणि त्याचंच लिहायला आले होते. आज जिन्यात सूचना लागली आहे, जशीच्या तशी:

"मीटरपेटीच्या वर एक काळा डबा बसविलेला आढळला आहे. त्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. तो कोणाचा आहे याचा संबंधिताने तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा तो काढून जमा करण्यात येईल. आदेशावरून, चिटणीस."

मी खुलासा लिहून खाली घेऊन गेले, तर त्या सूचनेखाली कुणीतरी आधीच लाल पेनाने लिहून ठेवलं होतं: "डब्याला हात लावू नये. आमचं नेट त्यावर चालतं. ३०२."